आधी झोप, मग उपासप्रार्थना

श्रीरामपूर, नेवासे, जालना किंवा सुरगाण्याकडून नाशिकला नोकरीसाठी आलेला ख्रिस्ती तरुण आल्या आल्या दोन गोष्टी शोधतो: राहायला खोली आणि जायला मंडळी, म्हणजे चर्च. मंडळीत तर हातोहात स्वागत होतं. गाता येतं का? मग कॉयर. पोरं सांभाळता येतात? संडे स्कूल. बाइक आहे? मग प्रीतिभोजनाची भाजी आणायला तुम्हीच. तिकडे सातपूरच्या किंवा अंबडच्या कंपनीत पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला नाही की सुपरवायझर डबल मारायला थांबवतो. असं वर्ष जातं. मग एका रविवारी हा माणूस उपासनेला दिसत नाही, पुढच्याही रविवारी नाही, आणि लोक म्हणतात, "विश्वासात थंड पडला."

बहुतेक वेळा विश्वासाला काहीच झालेलं नसतं. माणूस पिळून निघालेला असतो.

पुढच्या पायऱ्या अशा नव्याने आलेल्यांसाठी आहेत. कंपनीतले, दवाखान्यात ड्यूटी करणाऱ्या नर्सेस, शाळेतले, कॉल सेंटरमधले, सगळ्यांनाच चालतील. क्रम मात्र बदलू नका. आपल्याकडे दमलेल्या माणसाला आधी उपासप्रार्थनेला बसवतात आणि झोपेचं शेवटी विचारतात. पवित्र शास्त्रात हा क्रम बरोबर उलटा आहे, ते तिसऱ्या पायरीत येईल.

पहिली पायरी: आठवडाभर वही ठेवा

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या आपल्या आजारांच्या वर्गीकरणात घातली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं म्हटलंय. खुणा तीन: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं.

ही व्याख्या नोकरीपुरती आहे, पण मंडळीत सेवा करणाऱ्याला या तिन्ही खुणा लगेच ओळखू येतील. तोंड प्रार्थना म्हणत असतं आणि डोक्यात उद्याच्या लाइनचं टार्गेट असतं. तरुण संघाच्या ग्रुपवर मेसेज वाजला की पोटात गोळा येतो. संडे स्कूलमधल्या एखाद्या पोराने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला म्हणून तुम्ही खेकसता, आणि मग घरी येऊन स्वतःलाच पापी ठरवता.

म्हणून आधी वही. रोज पाच गोष्टी लिहायच्या: झोपलो कधी आणि उठलो कधी, कामाचे तास ओटीसकट (ओव्हरटाइम), प्रवासाचा वेळ, मंडळीचे तास, चहाचे कप. मंडळीचे तास लिहिताना प्रामाणिक राहा. उपासनेचे दीड तास धरायचे आणि खुर्च्या मांडणं, शनिवारची प्रॅक्टिस, बुधवारची घरसभा, ग्रुपसाठी रात्री पोस्टर बनवणं सोडून द्यायचं, असं करू नका. नाशिकरोडला राहून अंबडला जाणाऱ्याने प्रवासाचा रकाना द्वारका आणि पाथर्डी फाट्यावर उभं राहिलेल्या मिनिटांसकट भरावा. आठवडा संपला की बेरीज करा. बऱ्याच जणांना वहीतला झोपेचा आकडा बघूनच पुढचं निम्मं कळतं.

दुसरी पायरी: रक्त तपासून घ्या

हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-12. एवढं फॅमिली डॉक्टरांना सांगून करून घ्या. यातलं काहीही बिघडलं तर माणूस दमतो, आणि ती दमणूक कोणत्याही मनन-चिंतनाने जात नाही. खोलीवर राहून मेसचा डबा खाणाऱ्यांत, विशेषतः मुलींत, हिमोग्लोबिन कमी निघणं अजिबात नवलाचं नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. सुट्टी मिळाली, दोन रात्री नीट झोप झाली आणि थोडं बरं वाटलं, तर गाडी बहुधा कामाच्या ताणापाशी आहे. सुट्टीतही काहीच आवडत नाही, भूक गेली, रडू येतं, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं आणि हे दोन आठवडे रोज चाललंय, तर ते नैराश्य असू शकतं. मग पुढच्या पायऱ्यांची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस ही सरकारची 24 तासांची मोफत फोनसेवा आहे, नंबर 14416, मराठीत बोलता येतं. जीव द्यावासा वाटत असेल तर याच मिनिटाला फोन करा आणि खोलीतल्या जोडीदाराला उठवा. "प्रार्थना कमी पडतेय" असं कोणी म्हटलं तर त्यांना विचारा, मधुमेहाची गोळी तुम्ही कोणत्या विश्वासाने घेता?

तिसरी पायरी: झोप

1 राजे, अध्याय 19 उघडा. एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला आहे. ईजबेल राणीने जिवे मारायची धमकी दिली आणि हा पळत सुटला. रानात एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितलं: आता पुरे, माझा जीव घे. देवाने यावर काय केलं? रागावला नाही, बोधही केला नाही. एलीया झोपला, देवाने त्याला झोपू दिलं. मग देवदूताने स्पर्श करून उठवलं; उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाल्लं, प्यायला, पुन्हा झोपला. देवदूत पुन्हा आला: ऊठ, खा, नाहीतर पुढची वाट तुला झेपायची नाही. दोन झोपा आणि दोन जेवणं झाली, मग होरेब डोंगरापर्यंतचा प्रवास, आणि सगळ्यात शेवटी तो मंद, शांत वाणीचा आवाज. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने एलीयाला तिथे विचारला, झुडपाखाली नाही.

प्रौढ माणसाला रात्रीत किमान सात तास झोप लागते. दिवसपाळीवाल्यांनी पुढचे तीन आठवडे फक्त उठायची वेळ पक्की धरावी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. झोपायची वेळ आपोआप अलीकडे सरकते. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण 5 ते 6 तास लागतात; म्हणजे सात वाजता कॉयर प्रॅक्टिसला घेतलेला कडक चहा रात्री बारालाही अंगात असतो. चार वाजल्यानंतर चहा बंद. हे सांगायला सोपं आहे, पण मंडळीत चहा नाकारणं ही उपासना चुकवण्यापेक्षा अवघड गोष्ट आहे. कप हातात धरा आणि गप्पा मारा, कोणी मोजत नाही.

नाइट करणाऱ्यांचं वेगळं. सकाळी सुटल्यावर उन्हात रेंगाळू नका. गॉगल लावा, टोपी घाला, थेट खोलीवर या. डोळ्यांत सकाळचा उजेड गेला की शरीर दिवस धरून बसतं. खिडकीला जाड चादर किंवा काळा कागद लावा. फोन सायलेंटवर टाका आणि घरच्यांना सांगून ठेवा की दुपारी अमुक वाजेपर्यंत फोन नको. खोलीत तिघे तीन वेगवेगळ्या पाळ्यांचे असतील तर भांडण व्हायच्या आधी बसून ठरवा: दिवसा लाइट कोण लावणार नाही, कुकर कधी लागणार. नाइट संपवून थेट सकाळच्या उपासनेला येणाऱ्यांचं आपल्याकडे कौतुक होतं. पेंगत बाइक चालवत शरणपूर रोड गाठण्यात मला तरी कौतुकाचं काही दिसत नाही. त्या रविवारी झोपा आणि संध्याकाळी या.

रात्रभरची जागरण-प्रार्थना महिन्यातून एकदा असेल तर दुसऱ्या दिवशीची सुट्टी हातात असतानाच जा. येशूने पहाटे अंधारात उठून एकांतात प्रार्थना केली (मार्क 1:35) हे वचन आपण पुष्कळ वेळा ऐकतो. तोच येशू वादळात, नावेच्या मागच्या भागात उशी घेऊन झोपला होता (मार्क 4:38), यावर उपदेश मात्र क्वचितच.

चौथी पायरी: आठवड्यातले चोवीस तास बांधून ठेवा

दहा आज्ञांपैकी चौथी. (कॅथलिक क्रमाने तिसरी, त्यावरून वाद नको.) निर्गमात कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकात, अध्याय 5 मध्ये तीच आज्ञा पुन्हा येते, पण कारण बदलतं: तुम्ही मिसर देशात दास होता, याची आठवण ठेवा. म्हणून तुमच्या दासाला, दासीला, बैलाला, गाढवालासुद्धा विसावा.

हे नाशिकमध्ये वाचताना थोडं थांबावंसं वाटतं. एकोणिसाव्या शतकात इथल्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं राहत होती, लिहिणं-वाचणं आणि हातकाम शिकत होती. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट 1874 साली लंडनमध्ये आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीत होता. ज्याचा दिवस दुसऱ्याच्या मालकीचा होता, त्याला स्वतःचा एक पूर्ण दिवस मिळणं म्हणजे काय, हे त्या मुलांना समजावून सांगावं लागलं नसेल. आपल्याला लागतं, कारण आपण स्वतःच दिवस विकतो आणि वर ओटी मागतो.

आता व्यवहार. कंपनीची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, आणि नर्सचा ऑफ तर दर आठवड्याला फिरतो. मग आपला विसाव्याचा दिवस सुट्टीप्रमाणे हलवा, अपराधी वाटून घेऊ नका. "शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही" हे मार्क 2:27 मधलं म्हणणं इथेच कामाला येतं. जुन्या करारात दिवस संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजतात, आणि पाळीवाल्यांना हे मोजमाप फार सोयीचं आहे: बुधवारी फर्स्ट (पहिली पाळी) करून साडेतीनला सुटलात आणि गुरुवारी ऑफ आहे, तर बुधवारी सहा ते गुरुवारी सहा. रविवारी उपासना हुकत असेल तर मंडळीची आठवड्यातली प्रार्थना सभा गाठा. कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते.

त्या चोवीस तासांत काय करायचं? झोपायचं. कोणाबरोबर तरी बसून गरम जेवायचं. घरी आईला निवांत फोन करायचा, पैसे पाठवल्याचं सांगण्यापुरता नाही. गोदापार्कला किंवा सोमेश्वरला चालत जायचं. कपडे आणि भांडी आदल्या दिवशी उरका, नाहीतर ऑफ म्हणजे धुण्याचा दिवस होऊन बसतो. आणि काय नाही करायचं, तर कंपनीचा ग्रुप बघायचा नाही, मंडळीचाही नाही, आणि तीन तास रील्स नाहीत. रील्सने डोळे दमतात, विसावा मिळत नाही.

एकदम पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्ध्या दिवसापासून सुरू करा. ओटीच्या बाबतीत कंत्राटी हेल्परला "नाही" म्हणणं परमनंट ऑपरेटरइतकं सोपं नसतं, हे मान्य. तरी कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने पैसे आहेत, एवढं माहीत असू द्या. त्या दिवशी ऐन वेळी नकार देण्यापेक्षा आठवड्याच्या सुरुवातीलाच सुपरवायझरला सांगा: "मंगळवार-शुक्रवार थांबतो, बाकी दिवस नाही जमणार." त्यालाही माणसं लावायला बरं पडतं.

पाचवी पायरी: मंडळीत "नाही" म्हणायला शिका

ही सगळ्यात अवघड पायरी.

कंपनीला नाही म्हटलं तर पगार कमी होतो. पाळकसाहेबांना नाही म्हटलं तर देवाला नाही म्हटल्यासारखं वाटतं, आणि काही ठिकाणी तसं भासवलंही जातं. कोणत्याही मंडळीत डोळे उघडे ठेवून बघा: दोनशे माणसं बाकांवर, आणि तीच सात-आठ माणसं कॉयरमध्ये, संडे स्कूलमध्ये, पंच कमिटीत, कॅरलच्या गाडीत आणि प्रीतिभोजनाच्या पातेल्यापाशी. नवा, अविवाहित, बाइकवाला तरुण आला की तो नववा.

मोशेचंही हेच झालं होतं. निर्गम, अध्याय 18: तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्यायनिवाडा करत बसायचा आणि लोक रांगेत उभे. सासरा इथ्रो भेटायला आला, एक दिवस नुसतं बघितलं आणि जावयाला तोंडावर सांगितलं की तू करतोस ते बरं नाही, तूही झिजशील आणि हे लोकही झिजतील. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला लावली. या प्रसंगात मला आवडतं ते हे की सल्ला घरच्या, बाहेरून आलेल्या माणसाने दिला आणि मोशेने तो ऐकला.

तुम्ही काय करायचं? एक सेवा निवडा. एकच. ती निवडताना "कोणाची गरज जास्त" यापेक्षा "कोणती केल्यावर मी कमी चिडचिडा असतो" हे बघा. बाकीच्या सोडायच्या असतील तर ग्रुपवर मेसेज टाकून गायब होऊ नका, समोर जाऊन बोला. उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात हस्तांदोलन करत उभे असतात, तेव्हा हा विषय काढू नका. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी पाच मिनिटं मागून घ्या. बोलणं साधारण असं:

"साहेब, पुढचे तीन महिने मी फक्त संडे स्कूल बघतो. कॉयरला येणार नाही. जूनमध्ये परत बोलू."

"अरे बेटा, देवाच्या कामाला नाही म्हणू नये."

"नाही म्हणत नाही, साहेब. एकच घेतो, पण नीट करतो."

बास. पाळ्यांचं वेळापत्रक, आजीचं आजारपण, खोलीमालकाचा त्रास, यातलं काही सांगत बसू नका. कारणं जितकी जास्त, तितक्या त्या कारणांवरच्या तोडग्यांसाठी प्रार्थना होतात आणि शेवटी तुम्ही कॉयरमध्येच असता. काय करणार ते आधी, काय करणार नाही ते नंतर, आणि परत बोलायची तारीख. बहुतेक पाळक समजून घेतात, कारण ते स्वतः तुमच्यापेक्षा जास्त दमलेले असतात. अंत्यविधी, आजाऱ्यांच्या भेटी आणि भांडणं यांना साप्ताहिक सुट्टी नसते.

कोणी मार्था-मरीयेची गोष्ट काढून तुम्हाला लाजवलं, तर लूक 10 त्यांच्याबरोबर पुन्हा वाचा. त्या घरात मार्था कामात होती आणि मरीया येशूपाशी ऐकत बसून राहिली होती; येशूने बाजू घेतली ती मरीयेची.

सहावी पायरी: प्रार्थना लहान करा

दमलेल्या माणसाने तासाभराच्या एकांताचा नेम धरला की तो चौथ्या दिवशी मोडतो आणि वर अपराधाचं ओझं येतं. सकाळी दहा मिनिटं पुरेत: एक स्तोत्र, मोठ्याने, सावकाश. आनंदाचीच स्तोत्रं वाचायची असं नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद देवाला "किती वेळ?" असं पुन्हा पुन्हा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी हल्लेलुया नाही. तेही शास्त्रात आहे, म्हणजे तशी प्रार्थना चालते.

शब्द सुचत नसतील तर भजन गुणगुणा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (1861–1919) पदं बहुतेक मराठी मंडळींच्या गीतसंग्रहात आहेत. ओव्या-अभंगांच्या चालीत वाढलेल्या माणसाला ती पाठ करावी लागत नाहीत. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या इथल्याच, जलालपूरच्या. बसमध्ये, सिटीलिंकच्या खिडकीपाशी एक कडवं मनात म्हणणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

उपास करायचा असेल तर नाइटच्या आठवड्यात नको, साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि मशीनवर उभं राहायचं त्या दिवशी नकोच. त्याऐवजी फोनचा उपास करा. खरं सांगायचं तर तो जास्त जड जातो.

सातवी पायरी: अंग हलवा, वेळेवर जेवा

यावर फार लिहिण्यासारखं नाही. आठवड्याला 150 मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. गोल्फ क्लबचा किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक आहे. सुट्टीला पांडवलेणी चढा. मिसळ रविवारची, रोजची नाही. डब्यात डाळ, अंडं किंवा शेंगदाणे काहीतरी असू द्या.

राहिला द्राक्षारस. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितलं, हे वचन नाशिकमध्ये जरा जास्तच लोकांना पाठ आहे. दारूने डोळा लवकर लागतो, पण पहाटेची झोप तुटते. दमणूक घालवायला घेत असाल तर ती आधी बंद करा.

आठवी पायरी: एक माणूस

होरेबवर एलीयाचं रडगाणं एकच होतं: मी एकटाच उरलो. देवाने सांगितलं की बआल या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार आहेत, आणि सोबतीला अलीशा दिला. तुम्हालाही सात हजार लागत नाहीत. मंडळीतला वयाने थोडा मोठा, घरसंसार असलेला, तोंडाचा घट्ट असा एक माणूस शोधा. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जेवायला जा आणि ती वही दाखवा. कर्ज किंवा हप्ते डोक्यावर असतील तर तेही त्याला सांगा. पुष्कळांच्या ओटीच्या मुळाशी गावाकडच्या लग्नाचं कर्ज असतं, आणि ते फिटेपर्यंतचा हिशेब कोणाबरोबर तरी मांडल्याशिवाय चौथी पायरी टिकत नाही.

मुलींनी मंडळीतल्या एखाद्या मावशींशी किंवा सिस्टरशी बोलावं. घरी सांगितलं तर "नोकरी सोडून ये" म्हणतील ही भीती असते, म्हणून कोणालाच सांगितलं जात नाही.

नाताळाचं आत्ताच बघून ठेवा

वर्षभर सांभाळलेलं सगळं डिसेंबरात मोडतं. कॅरलची गाडी संध्याकाळी निघते, प्रत्येक घरी दोन गाणी, प्रार्थना, करंज्या आणि चहा, आणि शेवटच्या घराची बेल वाजवताना रात्रीचा दीड झालेला असतो. घरमालक मफलर बांधून हसतमुखाने दार उघडतात, कारण त्यांना सकाळी फर्स्टला जायचं नसतं. आठवडाभर रोज जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅरलप्रमुखांना कोणत्या दोन रात्री येणार ते सांगून टाका, नाटकात छोटी भूमिका मागा, आणि 26 डिसेंबरची रजा आजच टाका. उशीर केलात तर सुपरवायझरच्या वहीत त्या तारखेला दुसऱ्या कोणाचं तरी नाव लागलेलं असतं.